मिस्त्रीमामा आणि अकराशे पॅटर्न

ओतकामाच्या त्या कारखान्यात घड्याळं तीन होती आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नव्हतं. पण मिस्त्रीमामांनी पेन्सिल कानावर खोचली की आठ वाजले, हे भट्टीवाल्यापासून हिशेबनीसापर्यंत सगळे मानत. एकदा मामा सर्दीने बेजार होऊन पाऊण तास उशिरा आले, तर त्या दिवशी जेवणाची सुट्टीसुद्धा पाऊण तास उशिरा झाली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मामांचं काम पॅटर्न करण्याचं. बिडाचा किंवा पितळेचा कुठलाही भाग ओतायचा, तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी जुळा भाऊ लागतो, तोच पॅटर्न. तो ओल्या वाळूत दाबून बसवायचा, वाळूला कळणारही नाही अशा बेताने बाहेर काढायचा, आणि मागे उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. भाग तयार होऊन गिऱ्हाइकाकडे जातो, पॅटर्न मागे राहतो. असे मागे राहिलेले अकराशे पॅटर्न कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये फळ्यांवर रचलेले होते. निम्म्याहून अधिक मामांच्या हातचे, उरलेले त्यांच्या गुरूंच्या, म्हणजे मोठ्या मिस्त्रींच्या हातचे.

कुठल्या पॅटर्नवर नंबर नाही, चिठ्ठी नाही. नावं मात्र सगळ्यांना होती. पंपाचं एक वाकडं तोंड होतं, ते ‘म्हातारीचं नाक’. गोल झाकण होतं, ते ‘ढेरपोट्या’. एक तीन पायांचा बैठा भाग होता, त्याला ‘व्याही’ म्हणत, कारण तो कुठेही ठेवला तरी हलायला तयार नसे. गिऱ्हाईक नकाशा घेऊन आलं की मामा तो हातभर लांब धरून बघत, “हं, हा तर आडदांडाचा चुलता,” असं पुटपुटत शेडमध्ये जात आणि पॅटर्न काखेत मारून परत येत. चहा गार होण्याच्या आत.

आता या कामातली एक मेख सांगायलाच हवी, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. लोखंड तापलं की फुगतं आणि गार झालं की अंग चोरतं, हे शाळेत सगळेच शिकतात आणि पेपर लिहून झाला की विसरतात. मामांना विसरून चालण्यासारखं नव्हतं. गार होताना बीड शंभरातला एक भाग आकसतं, पितळ त्याहून थोडं जास्त, अ‍ॅल्युमिनियम त्या दोघांच्या मध्ये. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाचा वेगळा हिशेब कोण करत बसणार? त्यासाठी या धंद्याने पट्टीच लांब करून ठेवली आहे. मामांच्या बिडाच्या पट्टीवर जिथे शंभर लिहिलेलं असे, तिथे खरे एकशे एक भरत. पट्ट्या तीन, तीन धातूंच्या तीन. तिन्ही मामांच्या छातीवरच्या खिशात, आणि कुठल्या वेळी कुठली बाहेर काढायची हे त्यांचा हातच ठरवी.

लग्न झाल्यावर नव्या नवलाईत मामांनी मामींसाठी भिंतीतल्या खणात बसेल असं कपाट केलं. खण मोजला शेजाऱ्याच्या टेपने आणि लाकूड कापलं आपल्या पट्टीने. कपाट झालं झकास, फक्त खणापेक्षा बोटभर मोठं. ते पुढे कायम खोलीच्या मधोमध उभं राहिलं. पाहुण्यांनी विचारलं की मामी शांतपणे सांगत, “कपाट बरोबर आहे हो. आमच्या भिंतीच आकसल्यात.”

तर अशा या मामांना महिनाअखेर निवृत्त व्हायचं होतं, आणि धाकट्या मालकांना शेड रिकामं हवं होतं. साचे करायचं नवं यंत्र येणार होतं, त्याला जागा हवी. धाकटे मालक मनाने वाईट नव्हते. लहानपणी मामांच्या बाकाखाली भुशात लोळून मोठे झालेले. पण ते एक दिवस मामांसमोर येऊन उभे राहिले आणि खाली बघत बोलले.

“मामा, राग मानू नका. तुम्ही आहात तोवर हे पॅटर्न आहेत. तुम्ही गेल्यावर हे लाकूड आहे. कुणालाच काही सापडणार नाही.”

“मग?”

“मग काय... भट्टी पेटवायला कामी येईल.”

मामांनी रंधा खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी चालू रंधा मध्येच खाली ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. मालक घाईघाईने पुढे म्हणाले, “एक उपाय आहे. विद्यापीठातली ती संस्था आहे ना, मी बोललोय त्यांच्याशी. त्या लोकांनी जर यादी करून दिली, आणि त्या यादीवरून मला, मला म्हणतोय मी, पॅटर्न सापडला, तर सगळे राहतील. उत्तरेच्या भिंतीला फळ्या मारून घेतो.”

ती संस्था म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली दुमजली पांढरी इमारत. आसपासच्या लहान धंद्यांच्या दारात माहिती तंत्रज्ञान नेऊन पोचवायचं, हे तिचं काम. तिच्या प्रमुख प्राध्यापकांनी एकदा सगळ्या धंदेवाल्यांना सभेला बोलावलं होतं. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून झाल्यावर त्यांनी मोठ्या आस्थेने विचारलं, “आत्ता तुमच्यापुढची सगळ्यात मोठी अडचण कोणती?” पहिल्या रांगेतला बेकरीवाला उभा राहिला. “ही सभा. भट्टी पेटती ठेवून आलोय.” प्राध्यापक मोकळे गृहस्थ होते, पोट धरून हसले. त्या दिवसापासून त्यांनी सभा बंद केल्या आणि माणसं दारोदार पाठवायला सुरुवात केली.

मामांच्या वाट्याला आली एक संशोधक मुलगी. पाठीवर बोजड पिशवी, त्यात लॅपटॉप, कॅमेरा आणि चिकटपट्टीची अर्धा डझन रिळं. पहिल्याच दिवशी तिने शेडमध्ये पाऊल टाकलं आणि तिला सलग अकरा शिंका आल्या. मामांनी मोजल्या.

“मॅडम, अकरा झाल्या. अजून एक द्या, डझन पुरं होईल.”

बारावी आली. तिथून दोघांचं जमलं. दोन दिवसांत ‘मॅडम’चं ‘पोरी’ झालं.

काम असं चाले. तिने पॅटर्नचा फोटो काढायचा, नंबर चिकटवायचा. मामांनी माप सांगायचं, तिने ते यादीत घालायचं. पुढे कुणीही नकाशातलं माप दिलं की संगणकाने ते मिलिमीटरच्या आत जुळवून नंबर आणि फळी सांगायची. नावांसाठीही तिने एक रकाना ठेवला. ‘व्याही’ लिहिताना तिने विचारलं, “हे खरंच लिहू?” मामा म्हणाले, “लिही. फक्त आमच्या व्याह्यांना दाखवू नकोस.” माप घेताना मामा मधूनच पट्टी बदलत, हे तिने पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाची लहर असेल, असं मनात म्हणून तिने ते सोडून दिलं.

चारशे पॅटर्न झाले आणि मामांचा मोतीबिंदू आडवा आला. डॉक्टरांनी तारीख दिली होती ती टळण्यातली नव्हती. पंधरा दिवस घरी. जाताना मामा म्हणाले, “पोरी, तू थांबू नकोस. मोजायला काय, पट्टी धरली की झालं.”

हे वाक्य त्यांना पुढे महागात पडणार होतं.

मुलगी कामाला वाघीण. संस्थेतून तिने बॅटरीवर चालणारं मापयंत्र आणलं. केसाच्या जाडीचाही फरक सांगणारं. उरलेले सातशे तिने साच्यावरच्या दोघा कामगारांच्या मदतीने मोजून काढले. मग सहज म्हणून मामांची जुनी मापं तपासायला घेतली. पहिलं माप कमी. दुसरं कमी. दहाच्या दहा कमी! तिला मामांचे धुरकट डोळे आठवले, नकाशा हातभर लांब धरणं आठवलं. बिचाऱ्यांना दिसतच नव्हतं, आणि सांगायचा संकोच वाटला असेल. आता हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? तिने कुणालाही न बोलता मामांचे चारशेच्या चारशे पॅटर्न पुन्हा मोजले आणि यादीतले आकडे ‘दुरुस्त’ केले. केलं ते सगळं मायेपोटी. माया आंधळी असते म्हणतात. इथे तर तिच्या हातात यंत्रही होतं.

मामा काळा चष्मा लावून परतले. “आता मला मुंगीच्या भुवया दिसतात,” म्हणाले. मामी सोबत होत्या, डोळ्यात थेंब घालायला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, ही डॉक्टरांची ताकीद त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला वेगवेगळी ऐकवली. महिना संपायला आठ दिवस होते.

त्याच सकाळी पाणीपुरवठ्याकडचा एक माणूस जुन्या पंपाच्या झाकणाचा नकाशा घेऊन आला. मालकांना वाटलं, चला, परीक्षा होऊन जाऊ दे. लॅपटॉपसमोर बसून त्यांनी स्वतः माप घातलं. व्यास चारशे. पडद्यावर एक नंबर उमटला, साच्यावरच्या कामगाराने त्या नंबरचा पॅटर्न आणून बाकावर ठेवला, आणि मामा मोठ्याने हसले.

“हा? अहो, हा त्याचा धाकटा भाऊ! हा ओतला तर झाकण आत पडेल पंपाच्या.” आणि मामींची नजर चुकवून ते शेडमध्ये गेले आणि ढेरपोट्याला काखेत घेऊन आले.

“अहो! उचलायचं नाही म्हटलंय ना?”

“उचललं कुठे? आपल्या पायांनी आलाय तो.”

मालक हसले नाहीत. त्यांनी दुसरं माप घालून पाहिलं. काहीच सापडलं नाही. तिसरं. पुन्हा कोरं. ते उठले. “मामा, माझ्या परीने मी केलं. रविवारी शेड रिकामं करू.” आणि गिऱ्हाइकाला घेऊन ऑफिसात निघून गेले.

मुलगी वाळूच्या पोत्यावर मटकन बसली. ओठ चावून शेवटी तिने सांगून टाकलं, “मामा, मी तुमची मापं बदलली. सगळी कमी होती. मला वाटलं, तुमचे डोळे...”

मामांनी चष्मा काढला. नव्या डोळ्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

“बदललीस? मोतीबिंदू डोळ्यात होता गं, पट्टीत नव्हता!”

त्यांनी खिशातली बिडाची पट्टी काढून बाकावर ठेवली आणि तिच्या शेजारी तिचीच पोलादी पट्टी. शून्याला शून्य जुळवलं. बोट फिरवत दुसऱ्या टोकाला नेलं. मामांचे तीनशे जिथे होते, तिथे तिचे तीनशे तीन होते. तिने एकदा पाहिलं, खाली वाकून पुन्हा पाहिलं.

“ही पट्टी खोटी आहे?”

“खोटी कशी? लाकूड धरून ही ओतलेल्या भागाचं माप सांगते. तू मोजलंस लाकूड. मी सांगत होतो, ते गार झालेलं बीड.”

“मग सांगितलं का नाही आधी?”

“कुणी विचारलं का नाही आधी?” म्हणाले खरे, पण लगेच वरमले. “चुकलं माझं पण. इथे पहिल्या दिवसाच्या पहिल्या चहाबरोबर हे माणसाला कळतं. जगात कुणाला माहीत नसेल असं ध्यानातच येत नाही.”

मामी थेंबांची बाटली हलवत म्हणाल्या, “पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. या पट्टीने माझं अख्खं घर फसवलंय.”

मुलीने डोळे पुसून संस्थेत फोन लावला. मामांच्या चारशे पॅटर्नच्या मापांची जुनी प्रत तिथे जपलेली होती; दुपारपर्यंत ती परत जागेवर बसली. उरले तिने मोजलेले सातशे. “त्यात काय,” ती उसळून म्हणाली, “सगळ्यांना एकशे एकने भागून शंभरने गुणते. एका क्षणाचं काम.”

“आणि त्यात पितळेचे असतील, त्यांचं?”

ती पुन्हा पोत्यावर बसली. कुठला पॅटर्न कुठल्या धातूचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फोटो बघून मामांना सांगता येईना. फोटोत सगळे पॅटर्न ओळखपत्रावरच्या माणसांसारखे सारखेच दिसत. हातात घ्यायला हवेत. मग मामा स्टुलावर, मुलगी शिडीवर, कामगार आळीपाळीने खाली उतरवायला. मामा पॅटर्नवरून अंगठा फिरवत आणि बोलत, “बीड. बीड. पितळ. हा बीडच, पण याची गंमत अशी झाली की...” ती गंमत वीस मिनिटं चाले. त्यात भट्टीवाल्याचं लग्न, एक पळालेली शेळी आणि थोरल्या मालकांचा हरवलेला दात असं सगळं येई. मुलीला ऐकायचंही असे आणि घड्याळही दिसत असे. दोन दिवसांत जेमतेम दीडशे झाले.

“मामा, गमती नंतर सांगा ना.”

“गमतीशिवाय आठवत नाही गं. दोरी ओढल्याशिवाय बादली वर येते का?”

तिसऱ्या दिवशी मोठ्या मिस्त्रींच्या हातचा एक जुनाट पॅटर्न आला. मामांच्या जन्माआधीचा. अंगठा फिरवून काही कळेना. मामांनी तिन्ही पट्ट्या काढल्या. बिडाची लावली, मान हलवली. अ‍ॅल्युमिनियमची लावली, मान हलवली. पितळेची लावली आणि म्हणाले, “पितळ.”

“कशावरून?”

“बिडाच्या पट्टीवर दोनशे एक आणि वर काहीतरी चिल्लर येते. पितळेच्या पट्टीवर बरोबर दोनशे. नकाशा काढणारा माणूस चिल्लर कशाला काढेल? तो दोनशेच काढणार.”

मुलगी शिडीवरून अशी उतरली की मामींनी “अगं बाई!” म्हणून छातीवर हात ठेवला.

“मामा, थांबा. पुन्हा सांगा. तिन्ही लावायच्या, आणि जिच्यावर पूर्ण आकडा येईल तो धातू?”

“दोन-तीन मापं घेऊन बघायचं. एखादं माप लबाडी करतं, तिन्ही नाही करत.”

“प्रत्येकाची चार मापं आहेत माझ्याकडे! मोजलेली, केसाच्या जाडीपर्यंत!”

तिने तिथेच, वाळूच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून टाइप करायला सुरुवात केली. कामगार भोवती उभे. संस्थेतून प्राध्यापकांचा फोन आला, तो तिने मामांच्या हातात दिला, आणि मामांनी त्यांना मोठ्या मिस्त्रींची सगळी कहाणी ऐकवली, तिकडून ते “वा! मग?” म्हणत राहिले. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि मुलीने मान वर केली. संगणकाने साडेपाचशे पॅटर्नना तिन्ही पट्ट्या लावून पाहिल्या होत्या. पाचशे सातांचा धातू छातीठोकपणे सांगितला होता, त्रेचाळिसांपुढे प्रश्नचिन्ह होतं.

“तपासा,” ती म्हणाली.

मामांनी शेडमधून मनाला येतील तसे वीस काढवून घेतले. अंगठा फिरवायचा, धातू सांगायचा, मग तिने पडद्यावरचं वाचायचं. एकोणीस जुळले. विसाव्याला मामा म्हणाले बीड, पडदा म्हणाला पितळ. मामांनी पट्ट्या लावल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. मी विसरलो होतो.” आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला की जणू नातवाने त्यांना पहिल्यांदा कुस्तीत पाडलं. “बघितलंस?” ते मामींना म्हणाले. “पोरीने माझी पट्टी त्या पेटीत घातली!”

त्रेचाळीस प्रश्नचिन्हं दोघांनी हातात घेऊन सोडवली, आणि या खेपेस मुलगी एकेक गंमत पूर्ण ऐकत बसली.

शनिवारी मालक पाच नकाशे घेऊन आले. मुद्दाम जुने, अवघड निवडलेले. मामा स्टुलावर बसले होते आणि त्यांना बजावलं होतं की बोटसुद्धा उचलायचं नाही. मालकांनी पहिलं माप घातलं. नंबर आला, फळी आली. मालक स्वतः गेले. शेडमधून आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग शिंक आली, मग मालक म्हातारीचं नाक छातीशी धरून बाहेर आले. बरोबर. दुसरा बरोबर. चौथ्या वेळी मामा सवयीने अर्धे उठले, मामींनी दंड धरून खाली बसवलं. पाचवा पॅटर्न बाकावर ठेवला तेव्हा मालकांच्या केसांत भुसा होता आणि ते लहानपणी दिसत तसे दिसत होते.

“राहिले, मामा,” ते म्हणाले. “अकराशेच्या अकराशे राहिले.”

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मामा उठून शेडमध्ये गेले, आणि एकेक करत काही पॅटर्न दारात आणून ठेवू लागले. मामी ओरडल्या, कुणी ऐकेना. नऊ झाले.

“हे भट्टीत घाला.”

“मामा!” मुलगी मध्ये आली. “इतकं करून वाचवले आणि तुम्हीच...”

“हे माझ्याच हातचे, पण चुकलेले. याची भिंत पातळ झालीय, हा वाळूतून सुटत नाही, याची तर डावी-उजवी अर्धी जोडायची, ती दोन्ही उजवीच केली होती मी. लाज वाटते बघून.” ते मालकांकडे वळले. “इतकी वर्षं टाकले नाहीत. वाटायचं, मी एक टाकला की पाठोपाठ कुणीतरी सगळे टाकेल. आता ती भीती नाही.”

मालक डोक्यातला भुसा झटकत राहिले. मुलीने मात्र दोन्ही हात पसरून दार अडवलं.

“जाळायचे तर जाळा. पण यादीत काढून टाकल्याची नोंद हवी. तारीख आणि कारण. त्याशिवाय हे माझं दार सोडणार नाहीत.”

“कारण? सगळ्यांचं?”

“एकेकाचं.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं, स्टूल ओढून दारातच बसले आणि दोन्ही अर्धी उजवी असलेला तो पॅटर्न मांडीवर घेतला. भट्टीवाला आपलं काम टाकून पोत्यावर टेकला. मामींनी थेंबांची बाटली पदराला पुसून बाजूला ठेवली. त्यांना माहीत होतं, आता तासाभराची निश्चिंती.

“लिही,” मामा म्हणाले. “त्या दिवशी काय झालं, की थोरले मालक एक घोडा विकत घेऊन आले...”